साडेअकराची चिठ्ठी

बुधवारी सकाळी दहा वाजता धाकटी रुग्णालयाच्या मागच्या दाराने आत शिरली, तेव्हा तिच्या पिशवीत एक वही, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि कामाचा आदेश एवढंच होतं. काम म्हणाल तर साधं. एका जुन्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका लिहायची. तो काय काय करतो, कुठली आज्ञा दिली की काय होतं, एकेक करून तपासायचं आणि कागदावर उतरवायचं. अशी कामं ती पंधरा वर्षं करत आली होती. शिलाईयंत्रं, पाण्याचे पंप, वजनकाटे. तिच्या पुस्तिका लोक खोक्यातून काढून न वाचताच फेकून देतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाही तिला राग होता.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. पण गेल्या आठ महिन्यांचा राग तसला नव्हता. तो नाकावरून उतरून छातीत जाऊन बसला होता आणि तिथेच धुमसत होता.

हा प्रोग्राम लिहिला होता तिच्या भावाने, थोरल्याने. तो तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, या रुग्णालयाचा देखभाल प्रमुख. 'धाकटी' हे त्यानेच ठेवलेलं घरातलं नाव, बाहेर कुणालाच माहीत नसलेलं. बावीस वर्षं त्याने इथल्या लिफ्टा, नळ्या, पंप आणि यंत्रं सांभाळली. कुठलं काम कधी करायचं याची आठवण राहावी म्हणून फावल्या वेळात त्याने एक प्रोग्राम तयार केला आणि त्याला नाव दिलं 'आठव'. मग आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला. तेवढा वेळ अतिदक्षता विभागाची यंत्रं ज्या बॅटऱ्यांवर चालायची, त्या बॅटऱ्यांनी दगा दिला. खाट सातवरचे निवृत्त पोस्टमन श्वासाचं यंत्र थांबल्यामुळे गेले. बॅटऱ्यांची चाचणी महिनोन्‌महिने झालीच नव्हती. चौकशीत अधीक्षकांनी सांगितलं, "आठवमध्ये त्या चाचणीची नोंदच नव्हती." फाइल उघडली, खरंच नव्हती. दोष प्रोग्रामचा, म्हणजे तो लिहिणाऱ्याचा. थोरल्याला घरी बसवलं. चाळीस दिवस तो एक शब्द न बोलता बसला, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी चहाचा कप हातात असतानाच गेला.

आता रुग्णालय नवी प्रणाली घेणार होतं. नव्या कंपनीने अडवून धरलं होतं की जुनी कशी चालते ते लिहून द्या, त्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. थोरल्याच्या हस्ताक्षरातली टिपणं कुणाला लागेनात. शेवटी शोधत शोधत ते त्याच्या बहिणीच्या दारात आले.

"ज्यांनी त्यांना संपवलं त्यांचीच चाकरी करणार तू?" वहिनी म्हणाली होती. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"चाकरी नाही करत, वहिनी. त्याची नोंद नव्हती असं म्हणतात ना? मी शोधून काढते."

"नको शोधूस," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली.

संगणकाची खोली तळघरात होती, धुण्याच्या कपड्यांच्या खोलीच्या पलीकडे, बोळ जिथे संपतो तिथे. किल्ली स्टोअरवाल्या काकांकडे. त्यांनी कुलूप काढून दिलं, पण उंबरठा ओलांडला नाही.

"ताई, एवढंच करा," ते म्हणाले. "प्रिंटरला कागद घालू नका."

"का?"

काकांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि परत फिरले.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतीतून जाडजूड नळ्या गेलेल्या, त्यातून मधूनच पाणी खळखळत जायचं. टेबलावर संगणक, शेजारी सुयांनी टकटकत छापणारा जुना प्रिंटर, रूळ रिकामा. धूळ, ओलसर सिमेंट, आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक वास. राळेचा. तारा जोडताना थोरला झाळायचा, तेव्हा राळ जळून असाच वास यायचा. आठ महिने बंद असलेल्या खोलीत तो कसा टिकला असेल, असं धाकटीच्या मनात आलं. तिने नाक पुसलं आणि कामाला बसली.

काळा पडदा, हिरवी अक्षरं. ना चित्रं, ना बटणं. 'आठव' असं टंकून एंटर दाबलं की आजची कामं एकाखाली एक येत. सगळ्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये होत्या, एका कामाला एक ओळ. केव्हा, काय, कोणी. केव्हा लिहायला मात्र थोरल्याने काय काय सोयी केल्या होत्या. 'दर मंगळवारी' लिहा, 'महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी' लिहा, 'सुट्टी आल्यास आदल्या दिवशी' लिहा, आठव बरोबर दिवस काढायचा. 'आगाऊ तीन' लिहिलं की तीन दिवस आधीपासून मागे लागायचा. मुदत उलटली की किती दिवस उशीर झाला ते रोज सांगायचा. आणि आठवण आली की तिला उत्तरं दोनच, 'झाले' किंवा 'नंतर'. तिसरं उत्तर थोरल्याने ठेवलंच नव्हतं. उत्तर देणाऱ्याने आपली ओळख टंकायची. ती कर्मचाऱ्यांच्या यादीत नसेल तर आठव ते उत्तर घेत नसे. हे सगळं एका दुसऱ्या फाइलमध्ये उतरायचं. तिचं नाव 'पोचवही'. त्यातली ओळ कुणालाही पुसता येत नव्हती.

धाकटीने एकेक गोष्ट करून पाहिली. स्वतःचं कागदोपत्री नाव टंकून पाहिलं. उत्तर आलं, 'अशी व्यक्ती नाही.'

"नाहीच मुळी," ती पुटपुटली आणि वहीत लिहून घेतलं.

साडेअकरा वाजले आणि प्रिंटर सुरू झाला.

तिने कुठलीही आज्ञा दिली नव्हती. रुळावर कागद नव्हता. तरी सुयांचं डोकं डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं, परत गेलं, आणि नुसत्या रबरावर टकटकत राहिलं. बंद खोलीत तो आवाज दातावर दात आपटल्यासारखा येत होता. एका ओळीइतका वेळ. मग थांबला. राळेचा वास एकदम ताजा झाला, जणू आत्ताच कुणी झाळणी तारेला टेकवली होती.

धाकटीच्या हातातलं पेन खाली पडलं. ती घाबरली, हे खरं. पण भीती तिच्यात फार वेळ टिकत नसे, लगेच तिचा राग होई. ती तडक वर गेली.

"काका, तो प्रिंटर…"

काकांनी चष्मा काढला. "साडेअकराला ना? रोज वाजतो. दोन महिने झाले असतील."

"काय छापतो?"

"कोण बघणार? पहिल्या दिवशी वाजला तेव्हा अधीक्षक साहेब खाली होते. चिठ्ठी त्यांनीच फाडून घेतली, खिशात घातली. मग म्हणाले, कागद काढून टाका. काढला." काकांनी चष्म्याची काच पुसली. "वायरही काढून बघितली होती, ताई. नेटवर्कची. तरी वाजतो."

"आणि दोन महिने कुणालाही वाटलं नाही की तो काय म्हणतोय ते वाचावं?"

काकांनी खाली मान घालून चष्मा परत डोळ्यांवर चढवला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी ती येताना कागदाचं बंडल घेऊनच आली. प्रिंटर काय छापतो ते पुस्तिकेत लिहायचं तर कागद घालायलाच हवा, हे काकांना सांगायला कारण होतं. तिला मात्र कारणाची गरज नव्हती. साडेअकराला ती प्रिंटरसमोर हाताची घडी घालून उभी राहिली. सुया चालल्या. कागद वर सरकला.

'अतिदक्षता विभाग. बॅटरी चाचणी. उशीर ६१ दिवस.'

तिने दोनदा वाचलं. मग नोंदींची फाइल उघडून शोधलं. बॅटरी हा शब्दच तिथे नव्हता. नोंद नाही, आणि आठवण येते आहे. ती पोचवहीत शिरली आणि मागे मागे जात अपघाताच्या दिवसांपर्यंत पोचली. तिथे होत्या ओळी. बॅटरी चाचणी, नंतर, अधीक्षक. आठवड्याने पुन्हा, बॅटरी चाचणी, नंतर, अधीक्षक. आणखी आठवड्याने पुन्हा तेच. पडद्याच्या तळाशी 'पुढे आहे' हे दोन शब्द लुकलुकत होते. पुढचं बघायचा धीर तिला नव्हता. तिने पडदा होता तसा कागदावर छापून घेतला आणि जिना चढली.

अधीक्षक दुसऱ्या मजल्यावर बसत. पन्नाशी उलटलेला, टापटीप माणूस. टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. तिने दोन्ही कागद त्यांच्यासमोर आपटले नाहीत, हळूच ठेवले. त्यालाच जास्त ताकद लागली.

"चाचणीची नोंद होती, साहेब. आठवने तुम्हाला तीनदा सांगितलं. तीनदा तुम्ही नंतर म्हणालात. मग नोंद पुसलीत आणि माझ्या भावावर ढकललंत."

अधीक्षकांनी पोचवहीचा कागद बाजूला सारला आणि चिठ्ठीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"पुसली," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "या हातांनी पुसली. चौकशीच्या आदल्या दिवशी. मग ही… ही कुठून येते?"

"ते मला विचारू नका."

"तेव्हा माझा विभाग भरलेला होता, बाई. चाचणीला तासभर वीज बंद करावी लागते. सहा माणसं यंत्रांवर. त्यांची हमी कोण घेणार होतं? मी नंतर म्हटलं, कधीच नाही असं नव्हतं म्हटलं."

"खाट सातला तेच सांगा."

अधीक्षकांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली.

"तीनदा मी म्हटलं," ते म्हणाले. "चौथ्यांदा मी नव्हतो. तुम्ही चौथी ओळ वाचली नाहीत का?"

ती खाली आली. 'पुढे आहे' अजून लुकलुकत होतं. तिने एंटर दाबलं.

बॅटरी चाचणी. नंतर. देखभाल प्रमुख. दुपारी दोन चाळीस.

देखभाल प्रमुख म्हणजे थोरला. तारीख अपघाताचीच. चार तासांनी वीज गेली होती.

ती तारीख तिला पाठ होती, दुसऱ्याच कारणाने. त्या दुपारी तिच्या घरमालकाने जिन्याच्या दाराला न सांगता नवं कुलूप घातलं होतं, आणि ती रस्त्यावर उभी होती. तिने थोरल्याला फोन केला होता. तो म्हणाला होता, "आज एक काम आहे गं, साहेबांना न विचारता उरकणार आहे. संध्याकाळी आलो तर चालेल?" आणि ती ओरडली होती, "तुझं काम कधी नसतं? आत्ताच्या आत्ता ये." तो आला होता. घरमालकाशी दोन शब्द गोड बोलून त्याने दहा मिनिटांत कुलूप उघडून घेतलं. मग तिने चहा केला. तो जायला निघाला तेव्हा तीच म्हणाली होती, "बस की जरा."

धाकटी त्या खुर्चीत किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. पोचवही त्याने चौकशीला दाखवली असती तर अधीक्षकांच्या तीन ओळी उघड झाल्या असत्या. पण चौथीही उघड झाली असती, आणि कुणीतरी विचारलं असतं, दोन चाळीसला तुम्ही कुठे गेलात? म्हणून तो चाळीस दिवस गप्प बसला होता. आठ महिने जपून ठेवलेला तिचा राग आता हातात निखारा धरल्यासारखा झाला. टाकायला जागाच नव्हती. अधीक्षकांवर टाकला तर अर्धा उरत होता. थोरल्यावर टाकावा तर तो ऐकायला नव्हता.

शुक्रवारी ती आली ती तार उपटून यंत्र कायमचं बंद करायच्या विचाराने. दहा वाजता आली, खुर्चीत बसली, आणि तारेला हात लावायला उठेना. साडेअकरा वाजले. सुया चालल्या, आणि या वेळी ओळी चार झाल्या.

'अतिदक्षता विभाग. बॅटरी चाचणी. उशीर ६२ दिवस.
कोणी: धाकटी.
मुदत: सोमवार.
आगाऊ तीन.'

बोळात कुणाची चाहूल नव्हती. नळीतून पाणी खळखळलं आणि थांबलं. तिने मागे वळून बघितलं नाही. मानेजवळ, अगदी कानाच्या मागे, राळेचा ऊबदार वास होता, कुणी खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत असावं तसा.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरका आला. "मला कशाला…"

मग तिची नजर आकड्यावर गेली. काल एकसष्ट, आज बासष्ट. तिने बोटांवर मोजलं, मग वहीत मांडून मोजलं. अपघाताला दोनशेहून जास्त दिवस झाले होते. बासष्ट दिवस मागे गेलं तर ती तारीख थोरला गेल्यानंतरची होती. अपघातानंतर नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, आणि दर सहा महिन्यांनी चाचणी असा नियम होता. ती तारीख नव्या बॅटऱ्यांच्या पहिल्या चाचणीची होती.

चिठ्ठी जुन्या पापाबद्दल बोलतच नव्हती.

ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. "नव्या बॅटऱ्यांची चाचणी झाली का?" तिने काकांना विचारलं.

"आठव वापरणं तर केव्हाच बंद केलंय," काका म्हणाले. "नवं अजून आलं नाही. सांगणार कोण?"

अधीक्षकांनी या खेपेला चिठ्ठी हातात घेतलीच नाही. सोमवारी वरून पाहणीसाठी माणसं येणार होती. विभाग बंद ठेवता येणार नव्हता.

"बॅटऱ्या कोऱ्या करकरीत आहेत, बाई. आणि धाकटी कोण? या नावाचं इथे कुणी नाही. कुणीतरी चेष्टा करतंय. पाहणी होऊन जाऊ दे, मग करू. नंतर."

तो शब्द तोंडातून गेला, आणि आपण काय बोललो हे त्यांनाही कळलं. त्यांनी ओठ मिटले. पण शब्द मागे घेतला नाही.

धाकटीला वाटलं होतं की या माणसावर आपण एक दिवस असं ओरडू की खिडकीच्या काचा हलतील. ती ओरडली नाही. ती तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागाच्या मोठ्या सिस्टरांकडे गेली.

सिस्टर ठेंगण्या, पायात रबरी चपला, तीस वर्षांची नोकरी. त्यांनी चिठ्ठी वाचली. सगळं ऐकून घेतलं. खाट सातवरचे गेले तेव्हा हाताने श्वासाची पिशवी दाबत त्याच उभ्या होत्या.

"उद्या दुपारी," त्या म्हणाल्या. "शनिवारी साहेब लवकर जातात. प्रत्येक खाटेशी एक माणूस, हातात श्वासाची पिशवी. डॉक्टरांना मी सांगते. वायरमनला तुम्ही आणा."

"तुमच्यावर येईल सगळं…"

"मागच्या वेळी कुणावर आलं ते बघितलंय मी," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा गप्प बसले होते. त्याचीच चीड येते मला."

शनिवारी दुपारी दोन वाजता सहा खाटांशी सहा माणसं उभी राहिली. वायरमनने विभागाची वीज तोडली. यंत्रांचे दिवे हिरवे राहिले. सगळ्यांनी श्वास सोडला. धाकटी घड्याळ बघत होती. तिसावा सेकंद. पस्तिसावा. चाळिसाव्याला सगळे दिवे एकदम गेले आणि विभागात अशी शांतता पसरली की धाकटीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं.

"दाबा," सिस्टर म्हणाल्या. सहा पिशव्या एका लयीत दबू लागल्या. वायरमनने धावत जाऊन वीज जोडली.

बॅटऱ्यांच्या खोलीत त्याने विजेरी मारून बघितलं. एका बॅटरीकडून दुसरीकडे जाणारी तांब्याची पट्टी नुसती टेकवलेली होती. बोल्ट बसवलेला, पण आवळलेलाच नव्हता. बसवणाऱ्याने बहुधा नंतर आवळू म्हटलं असेल. वायरमनने एक कचकचीत शिवी दिली आणि पाना फिरवला. पुन्हा चाचणी घेतली. दिवे तासभर हिरवे राहिले.

धाकटी तळघरात उतरली. 'झाले' टंकलं. पडद्यावर आलं, 'कोण?' तिने एक क्षण बोटं कीबोर्डवर ठेवली. मग टंकलं, 'धाकटी.'

कर्मचाऱ्यांची यादी तिने बुधवारीच पूर्ण उतरवून घेतली होती. त्यात हे नाव नव्हतं. तरी आठव अडला नाही. ओळ पोचवहीत उतरली आणि पडदा कोरा झाला.

सोमवारी पाहणीची माणसं वरच्या मजल्यांवर फिरत असताना दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळ्या भागाची वीज गेली. जनरेटर चार मिनिटं खोकत राहिला. तिसऱ्या मजल्यावर एकही दिवा मिटला नाही. पाहणीच्या माणसांना काही कळलंसुद्धा नाही. अधीक्षकांना कळलं. ते जिन्यात कठडा धरून उभे होते, आणि चार मिनिटं संपली तेव्हा त्यांनी कठडा सोडला नाही.

मंगळवारी ते स्वतः तळघरात आले. दुसरी खुर्ची नव्हती, उभेच राहिले. धाकटीने पुस्तिकेचं पोचवहीचं प्रकरण त्यांच्यापुढे धरलं. पोचवही कशी दिसते त्याचं उदाहरण हवं म्हणून तिने खरोखरच्या चार ओळी घेतल्या होत्या. तीन त्यांच्या, चौथी थोरल्याची. खाली तळटीप होती. दोन चाळीसला देखभाल प्रमुख कुठे गेले होते आणि त्यांना कुणी बोलावलं होतं.

"चारही काढू," ते म्हणाले. "तुमचा भाऊही सुटेल. यंत्र भंगारात जाणार आहे. हा कागद सोडला तर काही उरणार नाही."

"म्हणूनच नाही काढणार."

"तुमचंच नाव येतंय यात."

"येऊ दे की."

नळीतून पाणी खळखळत गेलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पानावर सही केली. त्या सहीवरून पुढे चौकशी पुन्हा उघडली आणि त्यांची खुर्ची गेली. थोरल्याचं नाव पूर्ण धुऊन निघालं नाही, पण एकट्याचं राहिलं नाही. धाकटीने वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला माहीत होतं. तुला कळू नये एवढंच त्यांनी मागितलं होतं. तुला बघितलं की माझा जीव जळायचा, आणि बोलता येत नव्हतं." दोघी त्या दिवशी भांडल्या, मनसोक्त, आठ महिन्यांचं. मग एकत्र जेवल्या.

पुस्तिकेत एकच प्रकरण उरलं होतं. आठवला कुठलीही तारीख देऊन विचारता येत असे की त्या दिवशी काय सांगशील. पुढची, मागची, हवी ती. धाकटीने शेवटच्या दिवशी ते तपासलं. पुढचा महिना दिला, यादी आली. पुढचं वर्ष दिलं, यादी आली. तीन वर्षांनंतरची एक तारीख दिली, आणि पडदा कोरा.

तिला वाटलं सुट्टी असेल. पुढची तारीख दिली, कोरा. त्याच्या पुढचा आठवडा, पुढचं वर्ष, पुढची दहा वर्षं, सगळं कोरं. 'दर मंगळवारी' या नोंदीला शेवट नसतो. ती कुठल्याही मंगळवारी यायलाच हवी. मागे मागे येत तिने तो दिवस गाठला. मार्च महिन्यातला एक गुरुवार. बुधवारपर्यंत रोज पन्नास पन्नास कामं, आणि त्या गुरुवारपासून एकही नाही. थोरल्याने लिहिलेली प्रत्येक ओळ तिने वाचून काढली. त्या तारखेचा कुठे उल्लेख नव्हता. शेवटी तिने नेहमीच्या कोरड्या भाषेत नोंद केली, 'या दिनांकापासून पुढे आठव काही सांगत नाही. कारण ज्ञात नाही,' आणि पुस्तिका देऊन टाकली.

दोन महिन्यांनी एका सकाळी नव्या कंपनीच्या मुलीचा फोन आला. हसरा आवाज, मागे कार्यालयातली गडबड.

"मॅडम, पुस्तिका एकदम छान. नवी प्रणाली चालू झाली. फक्त शेवटच्या प्रकरणाबद्दल विचारायचं होतं."

"विचार."

"ते जुन्या प्रोग्राममधलं कोरं राहायचं वैशिष्ट्य आम्ही घेतलं नव्हतं. आमचं सगळं नव्यानं लिहिलंय, नोंदीसुद्धा हाताने भरल्यात. पण आमच्याकडेही त्या गुरुवारनंतर काहीच दिसत नाहीये. तीन जणांनी तपासलं. नक्की कशासाठी असतं ते?"

धाकटी बसल्या जागेवरून उठली. तोंडावर आलेलं तिरकस उत्तर ओठांपर्यंत पोचलंच नाही. छातीत हात घालून चाचपावं तसं तिने आत चाचपून पाहिलं, आणि तिथे नेहमीची धग नव्हती, नुसती थंडी होती.

"त्या गुरुवारचं दिसतं का?" तिने विचारलं.

"थोडंसं. सकाळची पहिली नोंद आहे. त्यानंतर नाही."

"काय नोंद आहे?"

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"सहा दहा," मुलगी वाचू लागली. "सर्व मजले. दिवे मालवणे." पुन्हा टकटक झाली. "मॅडम… पण ही नोंद आमच्यापैकी कुणी भरलेली नाही."